पहिली तबकडी फुटेपर्यंत

मी इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये राहते. क्ले शूटिंग म्हणजे हवेत उडणाऱ्या तबकड्या बंदुकीने फोडायच्या. आमच्या बायकांच्या क्ले शूटिंग गटात नव्याने येणाऱ्यांना सोबत करायचं काम माझ्याकडे असतं. ‘घाबरू नकोस गं’ म्हणून कुणाला धीर येत नाही. बंदूक अंगाला नीट बसली आणि पहिली तबकडी फुटली की येतो. तेव्हा नवखी तुमच्या हाती आली तर सगळा जोर या दोन गोष्टींवर लावा.

सुरुवात टेबलाशी, रिकाम्या बंदुकीने. बंदूक मधून उघडायची, दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसला पाहिजे. हे चार वेळा तिच्याच हातून करून घ्या. पोलिसांची सूट असलेल्या मैदानावर इथे नवख्यांना शॉटगनचा, म्हणजे या छऱ्यांच्या बंदुकीचा, परवाना लागत नाही, हेही तेव्हाच सांगून टाका.

मग डोळा. हात लांब करून दोन पंजांमध्ये छोटी फट धरायची, तिच्यातून दूरचं झाड बघायचं आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला झाड दिसत राहतं, तो नेमाचा. बंदूक उजव्या खांद्यावर आणि डोळा डावा निघाला, तर संरक्षक चष्म्याच्या डाव्या काचेवर बुबुळासमोर चिकटपट्टीचा तुकडा लावा.

‘बाईला हलकी बंदूक द्या’ हा सल्ला ऐकू नका. काडतूस तेच असेल तर हलकी बंदूक जास्त धक्का देते. मला पहिल्या दिवशी अशीच दिली होती. आठवडाभर खांदा काळानिळा होता. थोडी वजनदार बंदूक आणि २१ ग्रॅम छऱ्यांचं हलकं काडतूस द्या. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा भाग, लांब असेल तर नवखी मागे रेलते, म्हणून आखूड दस्त्याची मागून घ्या. ब्राचा पट्टा दस्त्याखाली आला तर वळ उठतो. हे पुरुष प्रशिक्षकासमोर कोणी बोलत नाही, आपण सरळ बोलायचं. पट्टा बाजूला सरकवा, वर जाड जाकीट घाला.

उजव्या खांद्यावर बंदूक असेल तर डावा पाय पुढे, भार त्याच्यावर, गाल दस्त्याला टेकलेला. पहिल्या चार-पाच तबकड्या नुसत्या बोटाने दाखवायच्या. नंतर समोरून सरळ दूर जाणारी, संथ तबकडी मागवा. नजर तबकडीवर, नळीवर नाही. चुकली तर एकीनेच बोलायचं आणि एकच चूक सांगायची. चौघी एकदम शिकवायला लागल्या की बिचारी गोंधळते.

पंचवीस काडतुसांवर थांबा, तिला आणखी हवी असली तरी. हात दमला की गाल उचलला जातो आणि मघाशी फुटणाऱ्या तबकड्याही सुटायला लागतात.

चहा-केकवर मी चीनच्या नेमबाज झांग शानची गोष्ट सांगते. १९९२ला बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्त्री-पुरुषांच्या एकत्र स्कीटमध्ये (तबकड्या फोडण्याचाच एक प्रकार) तिने सुवर्ण जिंकलं. १९९६ला स्कीटमध्ये बायकांना जागाच नव्हती. त्यांची वेगळी स्पर्धा २०००ला सिडनीत आली. ऐकताना नव्या मुलीसुद्धा चिडतात, आणि मला ते आवडतं.

ती निघण्याआधी पुढची तारीख ठरवा, आणि तीच बंदूक तिच्यासाठी राखून ठेवायला सांगा.