नवा फ्यूल मीटर घेण्याआधी टाकीतला फ्लोट मोजा

जुन्या गाडीला नवा फ्यूल मीटर बसवला, टाकी काठोकाठ भरली आणि काटा मात्र तळाशीच राहिला, तर मीटर खराब निघाला असं लगेच समजू नका. बहुतेक वेळा तो दुसऱ्याच प्रकारच्या फ्लोटसाठी, म्हणजे टाकीत तरंगून पेट्रोलची पातळी सांगणाऱ्या भागासाठी, बनलेला असतो. म्हणून आग्रहाने सांगतो: आधी टाकीतल्या फ्लोटचा रोध मोजा, मगच मीटर विकत घ्या.

पेट्रोल वर-खाली झालं की फ्लोटची दांडी हलते आणि तिच्या टोकाची पत्ती रोधाच्या तारेवर सरकते. त्यामुळे बदलणारा रोध, म्हणजे ओहमचा आकडा, मीटर वाचतो. हे आकडे सगळीकडे सारखे असते तर प्रश्नच नव्हता. १९६५ नंतरच्या बऱ्याच जनरल मोटर्स गाड्यांत रिकाम्या टाकीला ० आणि भरलेल्या टाकीला ९० ओहम असतात. व्हीडीओ (VDO) या मीटर बनवणाऱ्या कंपनीच्या युरोपीय फ्लोटमध्ये रिकामीला १०, भरलेलीला १८०. बाजारात सर्रास मिळणारे ‘युनिव्हर्सल’ मीटर मात्र उलटे चालतात: रिकामी २४०, भरलेली ३३.

अमेरिकेतली जीप सीजे-७ (१९७६ ते ८६) घेऊन पाहू. तिच्या फ्लोटचे आकडे साधारण असे: रिकामी ७३, अर्धी २३, भरलेली १०. याला २४०–३३ चा मीटर जोडला, तर टाकी कोरडी झाली तरी काटा अर्ध्याच्या वर असतो, कारण त्या मीटरला १०० ओहमच्या आसपास म्हणजे अर्धी टाकी. हा सगळ्यात घातक प्रकार, कारण काटा पाहून माणूस निर्धास्त राहतो आणि गाडी घाटात बंद पडते. ०–९० चा मीटर जोडला तर सगळंच उलटं दिसतं.

आता मोजायचं कसं? गाडी मोकळ्या हवेत लावा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, आसपास विडी-सिगारेट किंवा ठिणगी नको. फ्लोटची वायर सोडवा. मल्टीमीटर २०० ओहमवर ठेवून एक टोक फ्लोटच्या टर्मिनलला आणि दुसरं फ्लोटच्याच अर्थला (ग्राउंडला) लावा. आकडा २०० च्या वर जात असेल तर पुढची रेंज घ्या. टाकीत किती पेट्रोल आहे ते ठाऊक असेल तर एवढ्यावरही अंदाज येतो, पण शक्य असेल तर फ्लोट बाहेर काढा. दांडी अगदी खाली, मधोमध आणि अगदी वर ठेवून तिन्ही आकडे लिहून घ्या. मग ती सावकाश फिरवा. आकडा मध्येच उडाला किंवा गायब झाला तर तार झिजली आहे. तसा फ्लोट बदलायलाच हवा, कितीही चांगला मीटर आणला तरी तो काटा स्थिर ठेवू शकणार नाही.

महिंद्राची जुनी जीप असेल तर सीजे-७ चे आकडे गृहीत धरू नका. इतक्या वर्षांत फ्लोट कुणी, कधी, कुठला बदलला हे सांगता येत नाही. मोजलेलं तेवढंच खरं.

आकडे थोडे पुढेमागे असले तर चालतं, दिशा मात्र जुळलीच पाहिजे. रोधक (रेझिस्टर) जोडून भागवण्याचा सल्ला सर्रास मिळतो. त्याचा हिशेब करून पाहा. ७३–१० च्या फ्लोटला ओळीत २३ ओहम जोडले तर ९६–३३ होतात. भरलेली टाकी बरोबर दिसते, पण रिकामी टाकी अर्धी दिसते. उलटी दिशा तर रोधकाने सुलट होतच नाही. जुळणारा मीटर मिळत नसेल तर रिकामी आणि भरलेली पातळी शिकवता येणारा प्रोग्रामेबल मीटर घ्या. पैसे जास्त जातात, पण काट्यावर भरवसा ठेवता येतो.

बसवण्याआधी मीटर टेबलावर तपासा. फ्यूज लावून १२ व्होल्ट आणि अर्थ द्या, मग ‘एस’ टर्मिनल (फ्लोटची वायर जिथे लागते ते) आणि अर्थ यांच्यामध्ये पाच वॅटचे रोधक आळीपाळीने धरा. ७३–१० च्या मीटरला १० ओहमवर काटा भरलेलीवर, २२ वर मध्याजवळ आणि ७५ वर रिकामीवर यायला हवा.

सीजे-७ वाल्यांनी इथे विशेष जपावं. तिच्या मूळ फ्यूल मीटरच्या पोटातच सुमारे ५ व्होल्टचा रेग्युलेटर असतो आणि तापमानाचा मीटरही त्याच्यावरच चालतो. फ्यूल मीटर काढला की तापमानाचा काटा मरतो. त्याला थेट १२ व्होल्ट दिले तर तो जळतो. तेव्हा वेगळा ५ व्होल्टचा रेग्युलेटर लावा किंवा दोन्ही मीटर एकदमच बदला. नव्या मीटरला मात्र चावीवरचे पूर्ण १२ व्होल्ट द्या.

अर्थकडे दुर्लक्ष नको. रंग आणि गंज यांमुळे चार-पाच ओहम वाढले तरी ७३–१० च्या मीटरवर भरलेली टाकी कमी दिसते. फ्लोटपासून चेसिसपर्यंत वेगळी वायर ओढा. प्लास्टिकच्या टाकीला तर ती लागतेच.

शेवटी टाकी जवळजवळ रिकामी असताना पाच-पाच लिटर पेट्रोल भरत जा आणि दर वेळी काटा कुठे येतो ते लिहून ठेवा. दांडी टाकीच्या तळापर्यंत पोचतेच असं नाही, म्हणून काटा रिकामीवर आल्यानंतर नेमकं किती पेट्रोल उरतं हे या कागदावरूनच कळेल.