जुन्या हॅम सेटला कॉम्प्युटर कसा जोडायचा

शहापुरात आमच्या माडीवर केनवुडचा टीएस-४४०एस हा हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, सेट अजून रोज चालतो. १९८० च्या दशकातला सेट, यूएसबी वगैरे काही नाही. तरी त्याच्यावर मी एफटी८ करतो, म्हणजे कॉम्प्युटरच्या मदतीने छोटे संदेश पाठवतो-घेतो. जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ मध्ये आणलेला हा मोड. सगळा खेळ आवाजाचा: कॉम्प्युटर सूर काढतो, सेट तो हवेत सोडतो, आणि समोरून आलेला सूर कॉम्प्युटर वाचतो. त्यामुळे ‘जुना सेट डिजिटलला चालत नाही’ म्हणून कुणी तो भंगारात घालायला निघालं की मला खरंच वाईट वाटतं.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. सेट आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये सलग तार कुठेही जाता कामा नये. आवाज ट्रान्सफॉर्मरमधून जाईल, ट्रान्समिटचा इशारा ऑप्टोकपलरमधून (तारेऐवजी प्रकाशाने इशारा पोचवणारा छोटा भाग) जाईल, दोन्हीकडचं ग्राउंड वेगळं राहील. मी पहिल्या वेळी सरळ केबल लावली होती. लॅपटॉप बॅटरीवर होता तोवर सगळं ठीक. चार्जर लावला आणि हेडफोनमध्ये गूंऽऽ सुरू झालं, स्क्रीनवर उभ्या रेघाच रेघा. आमच्याकडच्या जुन्या घरांत अर्थिंग धड नसतं, तिथे हे होतंच. ट्रान्सफॉर्मर घातल्यावर ते त्याच मिनिटाला थांबलं.

सामान थोडं लागतं: यूएसबी साउंड अडॅप्टर, ६००:६०० ओहमचे दोन ऑडिओ ट्रान्सफॉर्मर, पीसी८१७ ऑप्टोकपलर, ९ पिनांची यूएसबी-सिरीयल केबल, एक १एन४१४८ डायोड, थोडे रेझिस्टर, शील्डेड वायर आणि १३ पिनांचा डिन प्लग. ट्रान्सफॉर्मर मिळाले नाहीत तर जुना डायल-अप मोडेम शोधा. फोनच्या सॉकेटमागे जो छोटा चौकोनी ट्रान्सफॉर्मर असतो, तोच आपल्याला हवा.

आता प्लग. टीएस-४४०एसच्या मागे एसीसी२ नावाचं सॉकेट आहे. ३ नंबरच्या पिनवर आवाज बाहेर येतो, ११ वर आत जातो, ९ ग्राउंडला टेकवली की सेट ट्रान्समिटवर जातो आणि समोरचा माइक बंद होतो. ४, ८ आणि १२ ग्राउंड. मॅन्युअलमधलं चित्र समोरून पाहिलेल्या सॉकेटचं की प्लगच्या सोल्डरच्या बाजूचं, हे नीट बघा, कारण दोन्ही एकमेकांच्या उलट असतात. सोल्डर मारण्याआधी मल्टिमीटरची एक पिन सेटच्या बॉडीवर धरून ग्राउंडच्या पिना बीपवर शोधा. त्या बरोबर जागी सापडल्या की चित्र कुठल्या बाजूचं ते कळतं. तुमचा सेट दुसरा असेल तर त्याचंच मॅन्युअल काढा. एसीसी नसेल तर आवाज माइकच्या सॉकेटमधून द्यावा लागतो.

सेटकडून येणारा आवाज: पिन ३ पहिल्या ट्रान्सफॉर्मरला. त्याच्या पलीकडच्या बाजूने १० के आणि १ के रेझिस्टरनी आवाज साधारण दहावा हिस्सा करून अडॅप्टरच्या गुलाबी माइक जॅकला. जॅकच्या अलीकडे १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सिरीजमध्ये घालायला विसरू नका. माइक जॅकवर थोडे व्होल्ट कायम असतात, आणि कपॅसिटर नसला तर त्यांचा करंट रेझिस्टर आणि ट्रान्सफॉर्मरमधून वाहत राहतो.

सेटकडे जाणारा आवाज: हिरव्या जॅकवरून दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरला, तिथून ४७ के सिरीजमध्ये आणि १ के ग्राउंडला. एका व्होल्टाचे साधारण २० मिलिव्होल्ट होतात आणि पिन ११ ला तेवढे पुरतात.

ट्रान्समिटच्या इशाऱ्याला मात्र वेळ द्या. ९ पिनांच्या प्लगमधली ७ नंबरची पिन आरटीएस (कॉम्प्युटर हवी तेव्हा वर-खाली करतो ती लाइन), ५ ग्राउंड. आरटीएसमधून १ के, मग पीसी८१७ ची पिन १. पिन २ केबलच्या ग्राउंडला. १ आणि २ च्या मध्ये डायोड उलटा लावा, कारण आराम स्थितीत आरटीएसवर उणे व्होल्ट असतात. पलीकडे पिन ४ सेटच्या पीटीटीला (ट्रान्समिटवर नेणारी लाइन, म्हणजे एसीसी२ ची पिन ९), पिन ३ सेटच्या ग्राउंडला. खानापूरहून एक मुलगा बॉक्स घेऊन आला होता. म्हणाला, “काका, मी काहीच केलं नाही बघा, सेट आपला आपण ट्रान्समिटवर जातोय की!” उघडून पाहिलं तर ९ पिनांच्या केबलऐवजी छोटं टीटीएल मॉड्यूल लावलेलं. त्यात आरटीएस आराम स्थितीत वरच असतो, त्यामुळे ऑप्टोकपलर कायम पेटलेला. केबल बदलली, काम झालं. काही कॉम्प्युटर चालू होतानाही ही लाइन क्षणभर हलवतात, म्हणून सेट नेहमी शेवटी चालू करा. व्हॉल्व्हच्या फार जुन्या सेटांत पीटीटीवर किती व्होल्ट आहेत ते आधी मोजा. जास्त असतील तर ऑप्टोकपलरने छोटा रिले चालवा आणि पीटीटी त्या रिलेने ओढा.

डब्ल्यूएसजेटी-एक्स या एफटी८ च्या सॉफ्टवेअरमध्ये रिगला ‘नन’, पीटीटीला ‘आरटीएस’ आणि तो पोर्ट, आवाजाला यूएसबी अडॅप्टर निवडा. विंडोजचे आवाज लॅपटॉपच्या स्पीकरवरच ठेवा, नाहीतर नोटिफिकेशनची टिंग थेट हवेत जाईल. घड्याळ एका सेकंदाच्या आत बरोबर पाहिजे. सेटचा मोड यूएसबी (इथे अप्पर साइडबँड, केबलचा यूएसबी नव्हे), ७.०७४ मेगाहर्ट्झवर सुद्धा, जरी त्या बँडवर बोलायला आपण एलएसबी (लोअर साइडबँड) वापरत असलो तरी. नुसता बँडचा आवाज असताना रिसीव्हचा मीटर ३० डीबीच्या आसपास आणा.

मग डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा, ताकद जिरवणारा रेझिस्टर) लावून ‘ट्यून’ दाबा. आवाज शून्यापासून हळूहळू वाढवा, एएलसीचा (आवाज जास्त झाला की सेट आपोआप दाबतो, ते दाखवणारा) काटा हलायला लागला की थोडा मागे घ्या. काटा शांत राहिला पाहिजे. काटा उसळू दिला तर सूर फाटतो आणि शेजारच्यांचा बँड घाण होतो. स्पीच प्रोसेसर बंद. एफटी८ चा प्रत्येक कॉल १२.६४ सेकंद सलग पूर्ण ताकदीने जातो, बोलण्यासारखी उसंत त्यात नसते. १०० वॉटच्या जुन्या सेटवर मी ३० ते ४० च्या वर जात नाही. आणि सेट अर्धा तास तापू द्या, तोवर फ्रिक्वेन्सी सरकत असते.

ट्रान्समिट करताना यूएसबी तुटत असेल तर केबलचे आठ-दहा वेढे फेराइटच्या रिंगवर घ्या. हवेत जाण्याआधी लायसन्स हवंच.

पावसाळ्यात आमच्या दमट हवेत डिन प्लगच्या पिना हिरव्या पडतात, जूनआधी एकदा पुसून घ्या. आणि मे महिन्यात वळीव गडगडायला लागला की अँटेना काढताना यूएसबीची केबलसुद्धा उपसून ठेवा.