चिठ्ठ्या टाकता येत नाहीत तेव्हा: शाळेतला अर्ध-प्रायोगिक अभ्यास

सांगली जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत पाचवीसाठी वाचनाचा नवा उपक्रम तपासायचा आहे, पण चिठ्ठ्या टाकून मुलं दोन गटांत वाटता येत नाहीत. तुकडी आहे तशीच घ्यावी लागते. अशा, चिठ्ठ्यांविना केलेल्या अभ्यासाला अर्ध-प्रायोगिक म्हणतात आणि त्यात असमान नियंत्रित गटाचा आराखडा वापरतात. दोन्ही गटांची पूर्वचाचणी घ्यायची, एकाच गटाला उपक्रम द्यायचा आणि मग दोघांची उत्तरचाचणी. कॅम्पबेल आणि स्टॅन्ली या संशोधकांनी १९६३ मध्ये अंतर्गत सप्रमाणतेला (दिसलेला फरक खरोखर उपक्रमामुळेच आहे, या खात्रीला) असलेल्या धोक्यांची जी यादी मांडली, ती आजही हाताशी ठेवावी. यातले बहुतेक धोके आराखडा आखतानाच अडवावे लागतात. नंतरच्या आकडेमोडीने ते फारसे निस्तरत नाहीत.

पहिलं काम तुलनागटाची निवड. एका शाळेत उपक्रम आणि दुसऱ्या एकाच शाळेशी तुलना, असं करू नका. फरक उपक्रमाचा की शिक्षकाचा, ते सांगताच येत नाही. दोन्ही बाजूंना चार-चार तरी शाळा हव्यात, आणि तेवढ्यानेही भागतंच असं नाही. आठ शाळांत तीस-तीस मुलं म्हणजे २४०. पण एका शाळेतल्या मुलांचे गुण एकमेकांसारखे असतात. हे साखळलेलं साम्य मोजणारा आकडा म्हणजे आंतरवर्गीय सहसंबंध. तो ०.१५ धरला आणि शाळेतल्या एका मुलाशी साम्य असणारी उरलेली २९ मुलं घेतली, तर १ + २९ × ०.१५ = ५.३५. २४० ला या आकड्याने भागायचं. म्हणजे २४० मुलांकडून मिळणारी माहिती जेमतेम ४५ स्वतंत्र मुलांएवढी. मुलं वाढवण्यापेक्षा शाळा वाढवा.

उपक्रमाच्या आणि तुलनेच्या शाळांच्या जोड्या लावताना पट, शिक्षकसंख्या आणि घरची भाषा पाहा. जतच्या पूर्व भागात अनेक घरांत कन्नड बोलतात. तिथल्या शाळेची मराठी वाचनात सांगली शहरातल्या शाळेशी तुलना लावणं मुलांवर अन्याय आहे. उपक्रमाच्या आणि तुलनेच्या शाळा वेगवेगळ्या केंद्रांतल्या (जवळच्या शाळांच्या गटांतल्या) घ्या, नाहीतर केंद्राच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे शिक्षकांच्या बैठकीत, शिक्षक एकमेकांना साहित्य दाखवतात आणि उपक्रम तुलनागटातही पोहोचतो.

सर्वांत फसवा धोका म्हणजे फक्त कच्ची मुलं निवडणं. समजा, सगळ्यांची सरासरी ५० आहे, दोन चाचण्यांतला सहसंबंध (दोन्हींतले गुण किती जुळतात त्याचं माप) ०.७ आहे आणि निवडलेल्या मुलांची सरासरी ३० आहे. काहीही न शिकवता पुढच्या चाचणीत त्यांची अपेक्षित सरासरी ५० − ०.७ × २० = ३६ येते. हे सहा गुण उपक्रमाच्या खात्यावर मांडू नका. तुलनागटही त्याच चाचणीने, त्याच कसोटीवर निवडा.

कृष्णेचा पूर विसरू नका. २०१९ आणि २०२१ मध्ये काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. उपक्रमाच्या शाळा काठावरच्या आणि तुलनेच्या माळावरच्या असतील, तर आठवडाभराचा पूरही निकाल फिरवतो. दोन्ही गटांत दोन्ही प्रकारची गावं ठेवा आणि शाळा बंद राहिलेले दिवस तारखेनिशी लिहा.

गळतीचंही तसंच. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात. मूल निघण्याआधीच त्याची उत्तरचाचणी घ्या. हंगामी वसतिगृहात राहिलं असेल तर तिथं जाऊन घ्या. तरीही जी मुलं सुटतील, त्यांचे पूर्वचाचणीचे गुण उरलेल्यांशी ताडून अहवालात द्या.

पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणीसाठी दोन समान काठिण्याचे उतारे करा. निम्म्या मुलांना आधी पहिला, निम्म्यांना आधी दुसरा. म्हणजे पाठांतराचा फायदा गुणांत मिसळत नाही. परीक्षक वर्गशिक्षक नको, आणि मूल कुठल्या गटातलं हे परीक्षकाला कळता कामा नये.

पूर्वचाचणी एकदाच घेऊन थांबू नका. जून, जुलै आणि ऑगस्ट अखेर, अशी तीनदा घ्या. त्यासाठी समान काठिण्याचे आणखी उतारे लागतील. मग सप्टेंबरात उपक्रम सुरू करा. समजा, उपक्रमगट ४२ वरून ५८ वर गेला आणि तुलनागट ४५ वरून ५४ वर. वाढीतला फरक १६ − ९ = ७. हा सात उपक्रमाचा मानायचा, तर आधीच्या तीन चाचण्यांत दोन्ही गट सारख्याच वेगाने वर जात असायला हवेत. उपक्रमगट आधीच जास्त वेगाने शिकत असेल, तर सात हा आकडा निष्कर्षात लिहू नका. तिन्ही चाचण्यांचा आलेख द्या आणि जोड्या नव्याने लावून पुढच्या वर्षी पुन्हा मोजा.