दहा बाइट लिहिले, एरर कुठे गेली?

सी लायब्ररीत फाइल वाचण्या-लिहिण्याचे रॅपर (मूळ फंक्शनला गुंडाळणारी आपली फंक्शन्स) टेस्ट करायला तुमच्याकडे आले असतील, तर लिहिलं, परत वाचलं, जुळलं एवढ्या टेस्टवर थांबू नका. रॅपर लागतो तो बिघाडासाठी, आणि ही टेस्ट बिघाडाला हातच लावत नाही.

मला सर्वांत जास्त छळलं बफरने (लिहायचा डेटा आधी साठवून ठेवणारी मेमरीतली जागा), म्हणून त्यावर सविस्तर लिहिते. लिनक्सवर /डेव्ह/फुल नावाची डिव्हाइस फाइल असते. तिच्यात काहीही लिहायला गेलात की कर्नल (ओएसचा गाभा) 'जागा संपली' ही एरर देतो. टेस्टसाठी अगदी आयती. आता एफओपनने ती उघडा आणि एफराईटने १० बाइट लिहा. परतावा येतो १०. एरर नाही! ते बाइट अजून आपल्याच प्रोसेसच्या बफरमध्ये पडून आहेत. पत्र पेटीत टाकलं, पोचलं नाही. खरा राईट होतो एफफ्लश किंवा एफक्लोजच्या वेळी, आणि एरर तिथे येते. तुमचा क्लोज रॅपर व्हॉइड, म्हणजे काहीच परत न देणारा, असेल तर ती कायमची हरवली. तो आधी इंट करा, म्हणजे एरर परत देता येईल. हीच टेस्ट १ एमबी डेटाने चालवली तर एफराईटच कमी आकडा परत देतो. म्हणून लहान डेटा, मोठा डेटा आणि सेटव्हीबफने बफर बंद करून, तिन्ही तऱ्हा हव्यात. आणखी एक: एफक्लोज फसला तरी तो पॉइंटर संपलेला असतो. त्यावर पुन्हा एफक्लोज मुळीच नको.

हे पहिल्या वाचनात डोक्यात बसलं नाही तर घाबरू नका. एसट्रेस (प्रोग्रॅम कर्नलला करतो ते कॉल दाखवणारं साधन) लावून प्रोग्रॅम चालवा, राईट नेमका कधी होतो ते डोळ्यांना दिसतं. 'फाइलचं ओएस बघून घेईल, टेस्ट कशाला' म्हणणाऱ्या सीनियरचं ऐकू नका. शेजारी बसून एसट्रेस वाचायला शिकवणारा भेटला तर त्याला सोडू नका.

वाचण्याकडे सापळे कमी. रीडने (कर्नलला थेट केलेला कॉल) मागितल्यापेक्षा कमी बाइट दिले तर ती एरर नव्हे, पाइपवर (एका प्रोग्रॅमचा डेटा दुसऱ्याकडे नेणारा मार्ग) हे रोजचं आहे. एफरीडने ० दिला तर फाइल संपली की बिघडलं, हे एफईओएफ आणि एफएररला विचारा. लिंकरच्या (कोडचे तुकडे जोडणारं साधन) रॅप पर्यायाने स्वतःचा रीड घुसवून एकेक बाइट द्या, मध्येच ईआयएनटीआर (सिग्नलमुळे कॉल मध्येच थांबल्याची एरर) द्या; उरलेले बाइट पुन्हा मागणारा तुमचा लूप खरा की खोटा लगेच कळेल. एफरीड आतून जो रीड करतो तो मात्र याने पकडला जात नाही, कारण ते कॉल लिबसीच्या (सीची मूळ लायब्ररी) आतच जुळलेले असतात.

परवानगी नाकारल्याची टेस्ट सीआयच्या (कोड बदलला की आपोआप टेस्ट चालवणारी यंत्रणा) कंटेनरमध्ये, म्हणजे तिच्या बंदिस्त वातावरणात, उलटी पडली तर कोडवर शंका घेण्याआधी युजर बघा. तिथे बहुधा रूट (सर्वाधिकार असलेला युजर) असतो आणि रूटला फाइलचे मोड बिट, म्हणजे परवानगीच्या खुणा, अडवत नाहीत. ती टेस्ट साध्या युजरने चालवा, नाहीतर रूट असताना स्किप करा.