वॉरंट निघालंय असं कळलं, तर कोर्टात जाण्याआधीची तयारी

आधी वॉरंट खरं आहे का ते बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर शिक्क्याचा कागद आला, व्हिडिओ कॉलवर कुणी गणवेशात बसून 'डिजिटल अटक' वगैरे बोलतोय आणि पैसे भरायला सांगतोय, तर फोन ठेवा आणि १९३० वर तक्रार करा. खरं वॉरंट लेखी असतं, त्यावर न्यायाधीशांची सही आणि कोर्टाची मोहोर असते, आणि ते कुणाच्या खात्यात पैसे टाकून मिटत नाही. बहुतेकांना खरी बातमी वेगळ्या वाटेने कळते. पोलीस ठाण्यातला समन्स-वॉरंटचं काम बघणारा अंमलदार जुन्या पत्त्यावर चौकशी करून जातो, नाहीतर जामीनदाराच्या घरी नोटीस पोचते आणि तो भडकून फोन करतो.

बातमी खरी वाटली की केस शोधा. ई-कोर्ट्सचं संकेतस्थळ किंवा अ‍ॅप उघडायचं, जिल्हा आणि कोर्टाची इमारत निवडायची. प्रत्येक केसला मिळणारा सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक (महाराष्ट्रातला 'एमएच'ने सुरू होतो) हाताशी असेल तर काम मिनिटात होतं. नसेल तर पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकून शोधा, आणि इथे चिकाटी ठेवा. नावाचं इंग्रजी स्पेलिंग कारकुनाने जसं टाकलं तसंच सापडतं, त्यामुळे आडनाव आधी, आडनाव नंतर, एक अक्षर कमी-जास्त असं करून बघावं लागतं. केस उघडल्यावर नुसती पुढची तारीख बघून थांबू नका. टप्प्याच्या रकान्यात 'बी.डब्ल्यू.' आहे की 'एन.बी.डब्ल्यू.' ते बघा, म्हणजे वॉरंट जामीनपात्र (पोलीसच जामिनावर सोडू शकतात) की अजामीनपात्र (सोडायचं की नाही ते कोर्ट ठरवतं) हे कळेल. मग खालच्या तारखांवर एकेक करून क्लिक करा. 'आरोपी गैरहजर, वॉरंट काढा' ही ओळ कोणत्या तारखेला आली ते लिहून घ्या. तुमची बाजू पुढे त्याच तारखेभोवती फिरणार आहे.

केस सापडलीच नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. आरोपी वर्षानुवर्षं मिळत नसेल तर प्रकरण डॉर्मंट फाइलला, म्हणजे न मिटवता बाजूला ठेवलेल्या प्रकरणांत, टाकलं जातं आणि पुढची तारीखच दिसत नाही. अशा वेळी वकिलाने त्या कोर्टाच्या लिपिकाकडे समरी किंवा रेग्युलर फौजदारी केसचा नंबर देऊन चौकशी करणं हाच मार्ग. वॉरंट जुनं झालं म्हणून आपोआप मरतही नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ७२ प्रमाणे, काढणारं कोर्ट ते रद्द करेपर्यंत किंवा त्याची बजावणी होईपर्यंत ते जिवंत राहतं. १ जुलै २०२४ पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ७० मध्ये हेच होतं. त्यामुळे ठाण्यातल्या ओळखीच्या हवालदाराला 'जरा बघा ना' म्हणण्यात अर्थ नाही. तो फार तर चार दिवस दाराशी येणार नाही. वॉरंट रद्द करणं त्याच्या हातात नाही.

जामीनपात्र वॉरंट असेल तर त्यावरच किती रकमेचा आणि किती जामीनदारांचा बाँड (हजर राहण्याची लेखी हमी) घ्यायचा ते लिहिलेलं असतं. पोलीस बाँड घेऊन, तारखेला हजर राहायला सांगून सोडतात. त्या तारखेला जा, म्हणजे झालं. पोटगीच्या थकबाकीपोटी निघालेल्या वसुली वॉरंटची गोष्ट निराळी. तिथे जामीनदारापेक्षा थकलेली रक्कम, निदान तिचा चांगला मोठा भाग, घेऊन जाणं महत्त्वाचं. खरी तयारी लागते ती अजामीनपात्र वॉरंटला. त्यात माझं मत पक्कं आहे: आधी ठाण्यात जाऊन चौकशी करू नका, वकिलामार्फत थेट कोर्टात स्वतः हजर व्हा. पोलिसांनी आणून उभा केलेला आरोपी आणि आपल्या पायांनी आलेला आरोपी, यांच्याकडे न्यायाधीश एकाच नजरेने बघत नाहीत.

जुना वकील असेल तर त्यालाच आधी विचारा की त्या तारखेला काय झालं. बऱ्याचदा गैरहजेरीचा अर्ज द्यायचा राहून गेलेला असतो. वकील बदलायचा असेल तर त्याची नाहरकत घेऊन नवं वकीलपत्र करा. परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि अटकेत असलेल्यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

वॉरंट रद्द करण्याच्या अर्जासोबत काय जोडणार यावर अर्धं काम अवलंबून असतं. 'आजारी होतो' असं सगळेच म्हणतात. त्या तारखेचं डिस्चार्ज कार्ड, घरात कुणी वारलं असेल तर मृत्यूचा दाखला, परगावी असल्यास तिकीट, असं काहीतरी हवंच. घर बदलल्यामुळे समन्स मिळालं नसेल तर भाडेकरार आणि नव्या पत्त्याचं वीजबिल लावा, आणि समन्स बजावल्याचा अहवाल रेकॉर्डवर आहे का हे वकिलाला तपासायला सांगा. आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट आणि तरीही आरोपी टाळत असेल तर अजामीनपात्र, असा क्रम साधारणपणे असावा असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये इंदर मोहन गोस्वामी प्रकरणात सांगितलं आहे. समन्स मुळात पोचलंच नसेल तर हा मुद्दा अर्जात यायला हवा. खोटं वैद्यकीय प्रमाणपत्र मात्र लावू नका. कोर्टाने डॉक्टरला बोलावलं तर साध्या गैरहजेरीचं भलतंच प्रकरण होऊन बसतं.

आता जामीनदार. आधीच्या जामिनावर असताना तुम्ही गैरहजर राहिलात तर तो बाँड जप्त होऊ शकतो आणि बाँडची रक्कम का वसूल करू नये अशी नोटीस जामीनदाराला निघते. तेव्हा त्याला आधी फोन करा, खरं काय ते सांगा; कोर्टात जाताना तो सोबत असेल तर उत्तमच. तो तयार नसेल तर नवा माणूस शोधा. त्याचं आधार आणि रेशनकार्ड, फोटो, सातबारा किंवा घरपट्टीची पावती, नोकरदार असेल तर ओळखपत्र आणि पगारपत्रक, असं सगळं मूळ प्रतींसह हवं. काही कोर्टं तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला मागतात आणि तो एका दिवसात हाती पडत नाही, म्हणून आधीच विचारून ठेवा. थोडी रोख रक्कमही जवळ असू द्या. कोर्ट दंड किंवा खर्च लावतं, कधी रोख जामिनावर सोडतं. पैसे नाझरकडे (कोर्टात पैसे भरून घेणाऱ्या कर्मचाऱ्याकडे) भरायचे आणि पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

दिवस निवडताना डोकं चालवा. शुक्रवारी दुपारी किंवा सुट्टीच्या आदल्या दिवशी गेलात आणि जामीनदाराची पडताळणी संध्याकाळपर्यंत झाली नाही, तर मधले दिवस कोठडीत जाऊ शकतात. सोमवार-मंगळवार बरा. न्यायाधीश रजेवर नाहीत ना हे आदल्या दिवशी विचारून घ्या. तारीख नसताना जाणार असाल तर प्रकरण त्या दिवशी बोर्डावर (दिवसाच्या कामाच्या यादीत) घ्यावं असा वेगळा अर्ज लागतो. कोर्ट बसण्याआधी पोचा, अर्ज वकिलाकडून लवकर आत जाऊ द्या, आणि पुकारा होईपर्यंत चहाला म्हणूनही दूर जाऊ नका. न्यायाधीशांनी विचारलं तर कारण दोन वाक्यांत सांगा आणि गप्प राहा.

या आधीच पोलीस आले तर पळू नका. वॉरंट दाखवा म्हणायचा तुम्हाला हक्क आहे, घरच्यांना कळवायचा आहे, आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत तुम्हाला कोर्टापुढे नेलंच पाहिजे. म्हणून कागदांची पिशवी घरच्यांना माहीत असलेल्या जागी ठेवा, त्यात वकिलाचा नंबर कागदावर लिहून टाका. वॉरंट चुकवत राहिलात तर पुढची पायरी फरारी म्हणून उद्घोषणा आणि मग मालमत्तेवर टाच.

वॉरंट रद्द झालं की लोक घरी निघून जातात आणि इथेच गफलत होते. आदेश रोजनाम्यात (केसच्या तारीखवार नोंदीत) आला तरी मूळ वॉरंट ठाण्याच्या फाइलमध्ये तसंच पडलेलं असतं. कोर्टाकडून ते परत मागवणारं पत्र निघालं का ते बघा, आदेशाची नक्कल काढा, एक प्रत ठाण्यात देऊन तारीख-शिक्क्यासह पोच घ्या आणि तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पुढची तारीख तिथेच लिहून घ्या. त्या दिवशी येणं जमणार नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५५ खाली हजेरी माफीचा अर्ज वकिलाने त्याच सकाळी द्यायचा, दुसऱ्या दिवशी नाही.