होमस्टेची मध्यरात्रीची बेल आणि झोपलेली लेक: माझा अनुभव

लक्षण असं: इंदूरला घराचा वरचा मजला पाहुण्यांना देतो, खाली आम्ही आणि लहान लेक. पाहुणे सराफ्यातून, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारातून, खाऊन मध्यरात्रीनंतर परततात. महाकालच्या भस्म आरतीवाले तर दीड-दोनलाच उज्जैनला निघतात, कारण आरती पहाटे 4 ला. दर वेळी किल्लीसाठी बेल, आणि लेक जागी.

किल्ली कुंडीखाली ठेवली, शेजारच्या काकूंकडे दिली, बेलचा आवाज कमी केला. उपयोग शून्य. अर्ध्या झोपेवर मूल सांभाळणं फार जड जात होतं.

ज्यानं काम झालं तो क्रम सांगते. आधी जिन्याच्या दाराला नंबरचं डिजिटल लॉक. आतले सेल संपले तर बाहेरून 9 व्होल्टची बॅटरी टेकवून उघडणारंच घ्या, नाहीतर बेल परत आलीच. बुकिंग झालं की लगेच ओळखपत्रं मागवायची. विदेशी पाहुणा असेल तर आल्यापासून 24 तासांत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरावी लागते, म्हणून पासपोर्ट-व्हिसाचे फोटोही तेव्हाच. ते मिळाल्यावरच कोड पाठवायचा, तोही त्या बुकिंगपुरता चालणारा. मग एकच प्रश्न: भस्म आरतीला जाणार का? हो असेल तर टॅक्सी कोपऱ्यावर बोलवा, हॉर्न नको, हे तेव्हाच सांगते.

शेवटी फोन. लेक झोपली की 'डू नॉट डिस्टर्ब', अपवाद फक्त त्या रात्रीच्या पाहुण्याचा नंबर. गीझर आणि इन्व्हर्टरच्या बटणांवर हिंदीत चिठ्ठ्या लावल्यापासून तोही क्वचितच वाजतो.

आणि हो, फाटकाच्या कडीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा, म्हणजे तिचा खडखडाट होत नाही.