अळंबी निघायला लागलीय, ओळखीच्या वारुळावरचीच आणा

आठवडाभर पाऊस लागून राहिला, मग दोन दिवस उघडीप, दुपारी घामाच्या धारा आणि संध्याकाळी गडगडाट. मुरबाड-शहापूर साइडला असं वातावरण झालं की समजायचं, उद्या-परवा अळंबी निघणार. आमची आजी म्हणायची ढग वाजले की अळंबी जागी होते. ढगांचा किती संबंध ते सोडा, पण भिजलेली जमीन आणि वरून उकाडा हेच तिला लागतं आणि ते नेमकं गडगडाटाच्या दिवसांतच असतं, त्यामुळे आजीचा अंदाज कधी हुकला नाही. आता आवणी, म्हणजे भातलावणी, उरकत आलीय, बांधावरून जाता-येता नजर जातेच, म्हणून लिहितोय.

आपण जिला खरी अळंबी म्हणतो ती उधईच्या, म्हणजे वाळवीच्या, घरात होते. उधई पाला, काटक्या आणून वारुळाच्या पोटात त्याचा स्पंजसारखा गोळा करते, त्याच्यावर ही बुरशी वाढते, बुरशी तो पाला मऊ करून देते आणि उधई तो खाते, अशी दोघांची भागीदारी. म्हणूनच ही अळंबी शेडमध्ये बेड लावून निघत नाही. बांधावरचं वारूळ म्हणजे तुमचं अळंबीचं झाड समजा. जेसीबी लावून सपाट केलं किंवा आत उधईचं औषध ओतलं की विषय संपला. घराच्या वाशाला, आंब्याच्या कलमाला उधई लागली तर तिथे काय तो बंदोबस्त करा, माळावरच्या वारुळाने तुमचं काय घोडं मारलंय?

काढताना लोक झाडून सगळी नेतात. मिटलेल्या टोपीची, कळीसारखी असते तीच चवीला भारी हे मान्य, पण पूर्ण उघडलेल्या चार-पाच तरी तिथेच राहू द्या, त्यांचे बीजाणू, म्हणजे बुरशीचं बारीक बी, मातीत पडतात आणि नवीन वारुळातली उधई ते आत नेते. देठ कोयत्याने जमिनीलगत कापा, वारूळ उकरू नका.

फक्त एक मात्र हळूच मुळापासून काढून बघा, कारण ओळख खाली असते. खऱ्या अळंबीचा देठ जमिनीत गेल्यावर संपत नाही, निमुळता होत उंदराच्या शेपटासारखा खोल उधईच्या गोळ्यापर्यंत जातो, वीतभर तरी असतोच. टोपीच्या मधोमध टोक असतं. देठाच्या बुडाला फुटक्या अंड्याच्या टरफलासारखी पिशवी दिसली तर हात धुवा आणि घरी जा, जीव घेणाऱ्या जातींची ती खूण आहे. अजून एक टेस्ट म्हणजे टोपी कापून रात्रभर कागदावर पालथी ठेवायची, वर वाटी झाकायची, सकाळी कागदावर बीजाणूंची भुकटी पडते. आपल्या अळंबीची फिकट गुलाबी पडते. हिरवट किंवा पांढरी पडली तर सरळ टाका. पण गुलाबी पडली म्हणजे पास झाली असं नाही हां, काही विषारी जातींचीही गुलाबीच असते. वारूळ, शेपूट, टोक, रंग आणि घरातल्या जाणत्या बाईची नजर, सगळं जुळलं तरच चुलीवर.

मागच्या पावसाळ्यातलं सांगतो. नवी मुंबईत आमचा मावसभाऊ राहतो, त्याच्या सोसायटीच्या लॉनवर रात्रीत पांढऱ्याशुभ्र छत्र्या उगवल्या, बशीएवढ्या, वर तपकिरी खपल्या, देठाला बांगडीसारखं कडं. त्याने मला फोटो पाठवला, मी चिखलात, फोन घरी. संध्याकाळी बघतो तर मेसेज, "भाजी मस्त झाली, पण आता उलट्या थांबत नाहीयेत". खाऊन दोन तास पण झाले नव्हते. दोघा नवरा-बायकोला सलाइन लागलं, दोन दिवसांत घरी आले. फ्रिजमध्ये एक उरली होती ती उलटी करून बघितली तर टोपीखालच्या पातळ पडद्या हिरवट. शहरात लॉनवर येणारी ही जात अगदी कॉमन आहे आणि लोक तिलाच हमखास फसतात. चूक माझीपण, आधीच्या वर्षी मीच त्याला फोटोवरून "हो, खा" म्हटलं होतं आणि तेव्हा नशिबाने निभावलं. फोटोवरून ओळखायची नसते.

आणि ते चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, लसूण निळा झाला तर विषारी, किड्यांनी खाल्लीय म्हणजे चांगली, हे सगळं डोक्यातून काढा. सगळ्यात घातक जातीचं विष शिजवून, वाळवून, हळद घालून जात नाही. त्याचा त्रास 6 ते 24 तासांनी सुरू होतो, मग मधे दिवसभर बरं वाटतं आणि तोपर्यंत आतून लिव्हर गेलेलं असतं. म्हणून उशिरा सुरू झालेली उलटी जास्त सिरियस धरा, 108 ला फोन लावा आणि उरलेली कच्ची अळंबी कागदात गुंडाळून सोबत न्या, प्लॅस्टिकमध्ये नको, ती लगेच सडते.

ठाणे-बेलापूर रोडच्या कडेची, एमआयडीसीच्या नाल्याजवळची कितीही सुंदर दिसली तरी नको, मातीतलं शिसं, कॅडमियम ही बुरशी ओढून घेते. ठाण्याचं येऊर नॅशनल पार्कात येतं, तिथून काही तोडायचंच नाही.

औषधाचं म्हणाल तर आपल्याकडे जुना मान फणसांब्याला. फणसाच्या जुन्या खोडावर खुरासारखा कडक, तपकिरी थर येतो तोच. लहान पोराची लाळ फार गळत असेल किंवा तोंड आलं असेल तर सहाणेवर उगाळून हिरड्यांना लावायची पद्धत आहे, आमच्याकडे अजून जात्याजवळच्या कोनाड्यात एक तुकडा असतो. पण फणसाचा म्हणून दुसऱ्याच झाडाचा तुकडा घेऊ नका आणि तान्ह्या बाळाला डॉक्टरला विचारल्याशिवाय काही चाटवू नका. बागवाल्यांनी अजून एक लक्षात ठेवा, फणसांबा आला म्हणजे झाड आतून कुजतंय. त्या फांदीला झोका बांधू नका, घरावर कलली असेल तर उतरवा, आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा.

सुश्रुतसंहितेत छत्र्यांची वाटणी त्या कशावर उगवतात त्यावरून केलीय, पेंढा, ऊस, शेण, बांबू आणि जमीन. मला ही वाटणी जाम आवडते, कारण त्यातला पेंढा आपल्या घरात पडून असतो. ज्याला अळंबी खायचीय पण वारूळ ओळखीचं नाही त्याने सरळ धिंगरी (ऑयस्टर मशरूम) लावावी. 20 ते 30 डिग्री आणि 80 टक्क्यांच्या वर दमटपणा तिला लागतो, तो पावसाळ्यात आपल्याकडे फुकट आहे. भाताचा पेंढा मागच्या हंगामाचा पण पिवळाधमक हवा, पावसात भिजून काळा पडलेला चालणार नाही. कापून रात्रभर भिजवा, 80 डिग्रीच्या पाण्यात तासभर ठेवा, निथळू द्या. मुठीत घट्ट दाबल्यावर पाण्याची धार न लागता हात नुसता ओला झाला पाहिजे, इथेच बहुतेकांचं गणित चुकतं आणि चौथ्या दिवशी हिरवी बुरशी. 1 किलो सुक्या पेंढ्याला साधारण 100 ग्रॅम स्पॉन, म्हणजे अळंबीचं बियाणं, प्लॅस्टिकच्या पिशवीत थरावर थर. पाकिटात हिरवा-काळा डाग असलेलं स्पॉन घेऊच नका. अंधारात 15 ते 20 दिवस ठेवलं की बेड पांढरा होतो, मग प्लॅस्टिक काढून दिवसाला दोनदा फवारा. पहिला तोडा आठवड्यात. टोपीची कड वर वळायच्या आत काढा, आणि शेडमध्ये जाताना तोंडाला रुमाल बांधा, बीजाणूंनी खोकला धरतो. दोन-तीन तोडे झाले की उरलेला पेंढा शेणखताच्या खड्ड्यात.